एकवीस पावलं

२४ ऑक्टोबर, पहाटे ५.१०
गजराच्या आधी उठलो. आजपासून सुरुवात.
काल भाऊबीजेला देवळीला ताईकडे गेलतो. तिच्या आचलचं लग्न तीस नोव्हेंबरला पक्कं झालं. आमच्याकडे नवरीला खोलीतून बोहल्यापर्यंत मामाने उचलून न्यायची रीत. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली. ओवाळणी झाल्यावर पोरगी जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, बाबा नाईत. मले तुमीच न्यायचं."
सगळ्यांदेखत शब्द दिला. धाकटा भाऊ चंदन जिमला जातो. तो म्हणाला, दादा, तुमी अठ्ठावन्नचे, पोरगी बासष्ट किलोची, विचार करा. दोन्ही आकडे चूक. मी सत्तावन्नचा आहे आणि ती एकसष्ट किलो सातशे ग्रॅम.
सतराव्या वर्षी वर्ध्याच्या भाजी मार्केटात हमाल म्हणून लागलो. आज तिथेच माझी अडत आहे. अशी ताकद कुठे जात नाही. आत असते, फक्त उठवायची.

५.४०
ताकदीच्या आधी आज मी उठलो, तेवढं पुरे. थंडी आहे. स्नायू आखडतात.

२७ ऑक्टोबर
आचल शाळेत खेळ शिकवते. फोनवर अर्धा तास शास्त्र सांगितलं. पेशी, साखर, ऑक्सिजन. मी माझ्या भाषेत बसवलं. स्नायूत थोडा माल समोरच मांडलेला असतो, तो जेमतेम दहा सेकंद पुरतो. मग साखरेचा माल निघतो. त्याच्या मागे चरबीचं गोडाऊन. ते उघडायला ऑक्सिजन लागतो आणि वेळ लागतो. रोज चाललं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पाठवतं, म्हणून धाप कमी लागते.
ती म्हणाली, वा मामा, बरोबर. रोज अर्धा तास चाला, आणि आठवड्यातून तीनदा उठाबशा.
लिहून घेतलं. गोडाऊनची चिंता नाही. ते फुल्ल आहे.

३० ऑक्टोबर
सिंदी मेघेच्या चौकापर्यंत चाललो. नऊ मिनिटं. पाय थरथरले. साखर संपल्याचं लक्षण, दुसरं काही नाही. टपरीवर दोन आलुबोंडे, वरून तर्री. लगेच फरक जाणवला.
येताना ऑटो केला. बायकोने, धुरपताने, दारातच वास घेतला आणि विचारलं, हे कोणतं चालणं. म्हटलं, बाई, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, शास्त्राचा डाग सदऱ्यावर पडला.

४ नोव्हेंबर
मांड्या ठणकून राह्यल्या. आचलला कळवलं. ती म्हणाली, चांगलं आहे, व्यायामाने स्नायूला बारीक इजा होते, आरामात ती भरून निघते आणि स्नायू आधीपेक्षा मजबूत होतो.
म्हणजे खरी वाढ आरामात होते. हे चंदनच्या जिमवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. बिचारे रोज जातात.

५ नोव्हेंबर
वाढ.

६ नोव्हेंबर
वाढ.

७ नोव्हेंबर
दुपारीही वाढ.

९ नोव्हेंबर
आज ट्रायल. अडतीवर गिऱ्हाईक पांगल्यावर तानबाला म्हटलं, कांद्याचं पोतं पाठीवर दे. तानबा माझ्या जुन्या टोळीतला हमाल, वय चौसष्ट, अंगावर मांस नाही. पन्नास किलो. सात पावलं चाललो. डगमगलो नाही. सगळं मार्केट बघत होतं.
तानबाने एकच विचारलं, "बंडूभाऊ, नवरी का पाठीवर नेता?"
म्हटलं, वजन ते वजन. पाठ काय, हात काय, शरीर एकच.
माझे कान तिखट आहेत. हात धुताना ऐकू आलं, तानबा चहावाल्याला सांगत होता की मी मागून दोन्ही हातांनी धरून होतो, नाहीतर गेले असते तोंडावर. कुणाबद्दल बोलत होता कोण जाणे. मार्केटात रोज कुणीतरी पडतंच.

१४ नोव्हेंबर
देवळीला हॉल बघून आलो. मोठं काम झालं. खोलीच्या दारापासून बोहल्यापर्यंत स्वतः मोजलं. एकवीस पावलं. सेकंदाला दोन धरली तर साडेदहा सेकंद. आणि स्नायूत समोर मांडलेला माल? दहा सेकंदांचा.
अर्धा सेकंद कमी पडतो. पावलं थोडी लांब टाकायची, झालं.
म्हणजे चालणं, उठाबशा, हे सगळं माझ्या कामाचंच नव्हतं. एवढा हिशेब आचललाही सुचला नाही. शिकलेल्या माणसांचं असं होतं. चालणं बंद केलं. समोरचा माल शाबूत ठेवणं महत्त्वाचं.

२१ नोव्हेंबर
स्वयंपाकघरात धुरपता फोनवर चंदनशी हळू आवाजात बोलत होती. तू मागेच उभा राह्यजो, त्याह्यले समजू देऊ नको. भिंतीपलीकडून शब्द न शब्द ऐकला.
माझ्यासाठी फेटा आणलेला दिसतो. मागून बांधणार असेल. आपण अजाण राहायचं.

२९ नोव्हेंबर
साखरेचा साठा करतोय. सकाळी पुरणपोळ्या चार. दुपारी दोन. आचलची हळद झाली. तिने विचारलं, मामा, उठाबशा किती होतात आता. म्हटलं, मोजणं सोडलं. खोटं बोललो नाही.
तिने माझ्या ताटातल्या पोळ्या पाहिल्या. मग म्हणाली, ठीक आहे, उद्या दम कोंडायचा नाही फक्त.

३० नोव्हेंबर, दुपारी ३.३०
नेलं. एकवीस पावलं. चंदनचा हात लागू दिला नाही.
तपशील लिहून ठेवतो. दारात एका झटक्यात उचलली. पाठीत काहीतरी बोललं, दुर्लक्ष केलं. आठ पावलं मस्त. तेवढ्यात व्हिडिओवाला आडवा. काका, थांबा, स्लो मोशनमध्ये या, फुलं उडवायची आहेत. थांबलो. फुलं उडाली. तो म्हणाला, फुलं लेन्सवर पडली, परत एकदा.
दहा सेकंद तिथेच संपले. डोळ्यांपुढे काळे ठिपके, बँड लांबून ऐकू येऊ लागला. चंदन मागून सरकला. ताई पदर तोंडाशी धरून उभी होती. मनात म्हटलं, भाऊजी, आता काही खरं नाही.
आचल कानाशी म्हणाली, "मामा, श्वास सोडा. मी आहो ना."
श्वास सोडला. आणि बघा शास्त्र. ऑक्सिजन आत गेला, गोडाऊन उघडलं, पोरगी एकदम फुलासारखी हलकी झाली. उरलेली तेरा पावलं कशी गेली कळलंही नाही. ताई गळ्यात पडून रडली.
फेटा काही निघाला नाही. विसरले असतील.

६ डिसेंबर
व्हिडिओ आला. अडतीवरच्या सगळ्यांना घरी चहाला बोलावून मोठ्या टीव्हीवर लावला.
आठ पावलं बरोबर. मग फुलं. फुलं खाली बसली तेव्हा शालूखाली मेंदीचे दोन पाय दिसले. चालून राह्यले होते. तिचा एक हात माझ्या कमरेत होता. व्हिडिओवाल्याने तो तुकडा स्लो मोशनमध्ये दोनदा टाकला. दुसऱ्यांदा मी नीट मोजलं. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते. माझा एकच, तोही कधीकधी.
तानबाने चहा संपवला, पाठीवर हात ठेवला आणि गेला.
संध्याकाळी आचलचा सासरहून फोन. व्हिडिओ पाह्यला का मामा. म्हटलं, पाह्यला. पोरी, तुले जड नाही झालं?
ती हसली. म्हणाली, "पंच्याऐंशी किलो असान तुमी. मी रोज व्यायाम करतो ना, मामा."
आकडा चूक आहे. एक्क्याण्णव.