धड्याखालचा प्रश्न

टोकावडे,
१० ऑगस्ट २००८

ती. संघरत्नाताईस,
धम्मपालचा सप्रेम जय भीम. वि. वि. पत्राला उशीर झाला, रागावू नकोस.

मुरबाडच्या ज्या क्लाससाठी मी घरून कॉम्प्युटरवर गणित शिकवायचो, ते काम सुटलं. ज्या कंपनीच्या प्रोग्रामवर आमचा वर्ग भरायचा तिने दर वाढवले. क्लासवाल्यांनी करार सोडला आणि दुसऱ्या कंपनीचे तयार धडे घेतले. आता माझा पासवर्ड चालत नाही. मी केलेले सगळे धडे आत अडकले, त्यांच्याखाली पोरांनी विचारलेले प्रश्नही आतच. कंपनीला फोन केला तर म्हणे, करार संपला, आता काही मिळणार नाही. मरमर मी करायची आणि मालक हे! डोकं फिरतं गं.

खरं सांगू? धड्यांचं एवढं नाही. नम्रता वारली, संसार अर्ध्यावर मोडला, तेव्हापासून संध्याकाळी घर खायला उठतं. शाळेत शिकवून आलो की त्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, तेवढंच कुणाशी बोलणं व्हायचं. म्हसा गावची मनस्वी तर एकच गणित पुन्हा पुन्हा विचारून पिडायची. आता कॉम्प्युटर लावतो आणि नुसता बघत बसतो.

दाजींना जय भीम. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धम्मपाल


भातसानगर,
२४ ऑगस्ट २००८

चि. धम्मपालास,
ताईचे आशीर्वाद आणि जय भीम.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. एवढं होईस्तोवर गप्प बसलास, असा कसा रे तू! लगेच प्रज्वलला पुण्याला फोन लावला. माझा लेक म्हणतो, मामाने भाड्याच्या खोलीत संसार मांडला, मग मालक काढणारच. मूडल नावाचा प्रोग्राम म्हणे फुकट मिळतो. तो कसा बनवलाय ते सगळ्यांना उघडं असतं. कुणीही घ्यावा, आपल्या जागेवर ठेवावा, हवा तसा बदलावा. तिथून तुला कोणी हाकलणार नाय. दिवाळीच्या सुट्टीत येऊन तो लावून देईल.

इथे तरी काय वेगळं आहे? यांची धरणावर पाळी, पोरगा पुण्यात, कॉलनीतली निम्मी घरं कुलपात. आमी पण भिंतींशीच बोलतो. ये म्हटलं की तुला शाळा आडवी येते, शहाणा कुठला!

माया असू दे, पत्र धाड.
तुझी ताई


टोकावडे,
१२ डिसेंबर २००८

ती. ताईस,
सप्रेम जय भीम.

प्रज्वलने मूडल झकास बसवून दिलं. जुनं काहीच हाती लागलं नाही, म्हणून धडे पहिल्यापासून केले. पोरांना निरोप दिले. पण त्यांची फी तिकडे भरलेली, ती इकडे कशाला वळतील? मनस्वीसुद्धा आली नाही. वर्ग माझा, किल्ली माझी आणि वर्गात मी एकटा. रोज उघडायचो, बंद करायचो. प्रज्वलला सांगणार होतो, काढून टाक बाबा हे.

काल उघडलं तर पहिल्या धड्याखाली एक प्रश्न. विचारणारीचं नाव संघरत्ना. ते नाव प्रज्वलनेच घातलं असणार. समीकरणाचं काही नाही, फक्त ‘जेवलास का?’

अगं, चौथीत शाळा सुटलेली तू. कॉलनीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत किती वेळ बसली असशील! मी रडलो गं, लाजत नाही सांगायला.

उत्तर तिथेच लिहिलंय: नाय जेवलो, आता भात टाकतो. तू जेवलीस का?

तुझा धम्मपाल