गोंद न घातलेला चुना

२८ सप्टेंबर
गॅलरी झाडली. ह्यांची चुन्याची बादली सायकलमागे तशीच होती. चुना वाळून तडे गेलेत, कुंचा त्यातच उभा रुतला आहे. ओढून पाहिला, निघाला नाही. राहू दिला.
सायकलचं मागचं चाक बसलं आहे. फेब्रुवारीत हे गेले, तेव्हाची हवा होती त्यात.
स्मिताचा वारज्याहून फोन. "आई, ती सायकल देऊन टाक कुणाला तरी. कपडे वाळत घालायला जागा होईल." म्हटलं, कपडे किती असतात आता. मग तिनेच विचारलं, भाजी काय केलीस.

३० सप्टेंबर
मिलिंदचा फोन. ह्यांच्या सायकलच्या मंडळींपैकी. कॉम्प्युटरवरचा माणूस, ह्यांच्या निम्म्या वयाचा, तरी ह्यांना 'काका' म्हणून दटावायचा आणि हे ऐकायचे. माझं कधी ऐकलं नाही.
"काकू, पाऊस संपला. घळीत नवे बाण काढायचेत. काका चुन्यात काय घालायचे?"
"पाणी."
"बस?"
"बस. गोंद घालायचा नाही."
भीमेकाठच्या त्या घळी. पाण्याने माती कापून कापून केलेल्या, एकीतून दुसरी फुटलेली. आत शिरलं की सगळ्या सारख्याच आणि वर नुसती आभाळाची पट्टी, असं हे सांगायचे. माणूस चुकतो. म्हणून रिटायर झाल्यापासून दर वर्षी पाऊस सरला की फाट्याफाट्यावर चुन्याचा बाण काढून यायचे. कुणी सांगितलं नव्हतं.
गोंदाचं मीच म्हटलं होतं पहिल्या वर्षी. येरवड्याच्या आमच्या जुन्या खोलीला मी स्वतः चुना मारला होता, गोंद घालून. नाहीतर टेकेल त्याची पाठ पांढरी. हे म्हणाले, "टिकायलाच नको. एका पावसात घळ बदलते. जुना बाण राहिला तर मागचा माणूस सरळ खड्ड्यात."
मि.ला एवढं सगळं सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर
वाचनालयाचं पुस्तक महिनाभर तसंच पडून. माझी शाळा सातवीपर्यंतच. जाड पुस्तकं चाळिशीनंतर वाचायला लागले, आपली आपणच. हे जेवायला बसले की विचारायचे, "आज कोण गेलं तुझ्या पुस्तकात?" मी नाव सांगायचे. हे म्हणायचे, "अरेरे, वाढ भात."
आता कुणी गेलं तर पुस्तक मिटून ठेवते.
संध्याकाळी मि.चा फोन. मंडळी आज बाण काढून आली. ह्यांचे गेल्या वर्षीचे सगळे धुऊन गेलेत. पण एक आहे. मोठ्या फाट्यावर खडीचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे आला आहे, त्याच्या खाली. पाऊस पोचलाच नाही.
"काकू, बघायला याल?"
हो म्हणाले. मग स्मि.ला सांगितलं.
"तू घळीत उतरणार? साडी नेसून?"
"नाही, विमानाने."

१२ ऑक्टोबर
जाऊन आले.
इतकी वर्षं ऐकलं, घळ पाहिली आज. हिराबाईंच्या शेताच्या बांधापाशी मि.ने गाडी लावली. हे सायकल नेहमी तिथूनच उतरवायचे. हिराबाई म्हणाल्या, "तुमचं मालक चा लई गोड हाय म्हून बोल लावायचं. अन् दोन कप प्यायचं." घरी मला मात्र बिनसाखरेचाच हवा म्हणून सांगायचे.
बांध संपतो आणि जमीनच संपते. खाली पिवळट मातीचे सुळके, मधून वाकडीतिकडी वाट. सायकलवाली मुलं एकेक करून त्यात सुटली. डोकी दिसतात, मग नाहीत, मग दुसरीकडेच वर येतात. मी आणि मि. पायी. भिंतीला हात लावला तर भुगा हातात आला. उताराला दोनदा बसले. मि. म्हणाला, सावकाश. म्हटलं, सावकाशच बसतेय.
मग तो फाटा. डावीकडे एक घळ, उजवीकडे एक. मधल्या भिंतीवर बाण.
ह्यांचाच. सुरुवात जाड, कुंचा दाबून धरायची सवय. टोक डावीकडे. आणि उजव्या बाजूला, सुरुवातीवरच, हात. चुन्याचा हात भिंतीला टेकून उठले असणार, गुडघे दुखायचे. पाचही बोटं उमटली आहेत. मधलं अर्धं.
ते अर्धं कारखान्यात प्रेसमध्ये गेलं होतं. लग्न ठरलं तेव्हा मला माहीत नव्हतं. सप्तपदीला हात धरला तेव्हा कळलं.
मि. लांब जाऊन उभा राहिला, पाठ करून. चांगला मुलगा आहे.
मी हात लावला नाही. गोंद नाही त्यात. लावला की माझ्या हाताला येईल.

१४ ऑक्टोबर
घरात ह्यांचे फोटो आहेत, पासबुकावर सही आहे, चष्मा आहे. हात कुठेच नव्हता.

१९ ऑक्टोबर
दिवाळी तोंडावर. ह्या वर्षी कंदील नाही, फराळ नाही. शेजारणी डबे देतील, घेईन.
मि. आला होता. त्या दिवशी बोलला नव्हता, आज सांगितलं. डावीकडची घळ ह्या पावसात आत ढासळली आहे. वळणापुढे वाटच नाही, माणूसभर खोल पडते. मंडळी आता उजवीकडून जातात.
"मग बाण?"
"तो राहू दे ना. आमच्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. वरून क्लिअर व्हार्निश मारतो, काकू. वर्षानुवर्षं हलणार नाही."
मी नाही म्हणाले नाही.
ह्यांचं म्हणणं ओठांवर आलं होतं. चहा टाकायला आत गेले.

२६ ऑक्टोबर
दुपारी मि.चा फोन, आवाजावरून कळलं. तन्वी म्हणून एक नवी मुलगी, कॉलेजातली. बाकीचे चहाला थांबले, ही पुढे निघाली. फाट्यावर बाण पाहून डावीकडे गेली. पडली. गळ्याखालचं हाड मोडलं. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून.

२८ ऑक्टोबर
हॉस्पिटलात जाऊन तन्वीला भेटले. हात गळ्यात बांधलेला, तरी उठून बसायला बघत होती. तिच्या आईने मला खुर्ची दिली. कोण म्हणून ओळख करून द्यायची होती, जमेना. मि.ने करून दिली.
मुलगी म्हणाली, "काकांचे बाण फुल सेफ असतात असं सगळे सांगतात. काकांचा बाण दिसला म्हणून मी ब्रेकच नाही लावला."
वाईट वाटून घेऊ नका म्हणाली. मला. तिने.
येताना रिक्षा केली. विश्रांतवाडीच्या चौकात रिक्षावाल्याने विचारलं, ताई, कुठे सोडू. सांगायला वेळ लागला.

१ नोव्हेंबर
मि.चं म्हणणं, पुढे दोरी बांधू, बोर्ड लावू, 'जुना बाण' असं लिहू. व्हार्निश मारायचं राहूनच गेलं आहे. बाणाला हात लावायला मंडळींपैकी कुणी तयार नाही. "आमच्याच्याने नाही होणार, काकू."
म्हटलं, वळणावर सुसाट येणारा माणूस बोर्ड वाचत बसेल का.
त्या फाट्यावर दुसरीकडे बाण काढायला जागा नाही. तेवढीच भिंत कठीण, बाकी सगळी माती, आज काढला की उद्या गळला. म्हणजे ह्याच भिंतीवर, डावीकडचं टोक पुसून उजवीकडे नवं काढायचं. रेघ तीच चालेल. फक्त नवं टोक जिथे यायला हवं तिथे हात आहे.
कागदावर काढून पाहिलं. वर, खाली. वर छज्जाच येतो. खाली काढलं तर वाळूत जातं, दिसणार नाही.
स्मि.ला सांगितलं. म्हणाली, "आई, फोटो काढून घे आधी." मग रडली. बाबांच्या वेळी माझ्यासमोर रडली नव्हती.

८ नोव्हेंबर
बादलीत पाणी ओतून ठेवलं होतं, आज कुंचा निघाला. जुना चुना खरवडून टाकला. रंगाच्या दुकानातून नवा आणला. दुकानदार म्हणाला, "मावशी, गोंद देऊ का? नाहीतर टिकत नाही." नको म्हटलं.
उद्या मि. न्यायला येतो. ह्यांची जुनी लुंगी फाडून दोन फडकी केली.

९ नोव्हेंबर
हिराबाई वरून म्हणाल्या, "पुसा की बाई. लेकरू पडलं त्याच्यापायी." मग म्हणाल्या, "मी बी येऊ का खाली?" नको म्हटलं. मि.लाही फाट्याच्या अलीकडेच थांबवलं.
स्मि.साठी मोबाईलवर फोटो काढले. फोटोत तो नुसता पांढरा डाग दिसतो.
फडकं ओलं केलं. डावीकडचं टोक पुसलं. वाटलं होतं घासावं लागेल. एकदा फिरवलं आणि गेलं. फडक्यात आलं सगळं.
आता बाण पाहून डावीकडे कुणी जाणार नाही.
मग बादली घेऊन उजवीकडे बसले. कुंचा बुडवला, निथळला. हाताच्या समोर बसले होते. अर्धं बोट माझ्या नजरेच्या उंचीला. ऊन छज्ज्याखालून सरकत पायांपर्यंत आलं. कुंचा हातातच वाळला.
मि. आला. भिंतीकडे पाहिलं. तिथे आता नुसती आडवी रेघ आहे, आणि एका बाजूला हात. कुठेच जा म्हणून सांगत नाही.
"पुढच्या रविवारी सोळाजण येणारेत, काकू," वर चढताना हळूच म्हणाला. "त्यातले बरेच नवे. मी फाट्यावर उभा राहीन. पण दर रविवारी..."
"माहीत आहे," म्हटलं.
हिराबाईंनी चहा दिला. फार गोड होता. दुसरा कप मागितला.
घरी आल्यावर फडकं धुवायचं होतं, नाही धुतलं. तसंच वाळत घातलं, सायकलच्या हँडलवर. बादलीत चुना बराच उरला आहे. वाळू नये म्हणून वर बोटभर पाणी घालून ठेवलं.