तीनाचा कितवा घात?

आलुवा, ४ जून १९९६

ती. अच्छनांस लेक विलासिनीचा सा. न. वि. वि.

गणिताच्या मास्तरांच्या मुलीनं विचारू नये ते विचारतेय, हसू नका. आमच्या प्रयोगशाळेत केळीचा कोंब कापून बाटलीत ठेवला की महिन्यानं त्याचे तीन होतात. ते कापले की प्रत्येकाचे पुन्हा तीन. यंदा सुरुवातीलाच नेंद्रन जातीच्या केळीचे दहाच निरोगी कोंब उरले, बाकीचे बुरशीनं गेले. पौलोस साहेबांनी मात्र लाख रोपांची नोंदणी घेऊन ठेवलीय. आठांपेक्षा जास्त कापण्या केल्या तर रोपं बिघडतात. त्या दहांवर सहा झाल्या. साहेब म्हणतात, लाख रोपं आठांत बसवतो, तू कापण्यांच्या रजिस्टरावर सही कर.

बसेल का? तुमची चारशे रोपंही त्याच यादीत आहेत. मागच्या वर्षी तुम्ही दुसरीकडून आणलेल्या असल्याच बिघडलेल्या रोपांना मुठीएवढे घड आले, ते आठवलं की सही करायला हात धजत नाही.

अम्मेला नमस्कार. माया आहे तशी असू द्यावी.

आपली विलासिनी

वडक्कांचेरी, ९ जून

चि. विलासिनीस अ. आ.

हा धडा मी वर्गात शिकवला तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस. दहाचे लाख म्हणजे दहा हजारपट. म्हणजे ३ चा n वा घात = १०,०००. n वर टांगलेला आहे तोवर तो हाती येत नाही. म्हणून तेच वाक्य उलटं लिही: n = १०,००० चा लॉग, पाया ३. पाया दोन्हीकडे तोच असतो, त्यात गल्लत करू नकोस. कोष्टकातले लॉग १० च्या पायाचे, म्हणून १०,००० चा लॉग ४ भागिले ३ चा लॉग ०.४७७१ केलं, उत्तर ८.३८.

आठांत बसत नाही. मी खड्डे खणून शेणखत भरून ठेवलंय. अम्मा म्हणते, पोरीला ताप देऊ नका. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा अच्छन

आलुवा, २ जुलै

ती. अच्छनांस सा. न.

तुमचा कागद साहेबांना दाखवला. त्यांनी शाळेतल्यासारखं ८.३८ चं आठ केलं, म्हणाले, झालं की! मी म्हटलं, आठ कापण्यांत ६५,६१० रोपंच होतात. उरलेल्यांसाठी अख्खी नववी कापणी करावी लागेल आणि रजिस्टरात आठ लिहावं लागेल. तसल्या रजिस्टरावर मी सही करणार नाही. ते चिडले. मग म्हणाले, तर मग यादी तूच कमी कर आणि लोकांना तूच कळव.

नोंदणीच्या तारखांप्रमाणे मोजत गेले आणि ६५,६१० वर रेघ मारली. तुमचं नाव रेघेखाली गेलं, अच्छन. मी ते वर घेतलं नाही. बाकीच्यांना छापील पत्रं गेली, तुम्हाला हे हातानं लिहितेय. रागावलात तरी पत्र पाठवा.

आपली विलासिनी

वडक्कांचेरी, १० जुलै

चि. विलासिनीस अ. आ.

रागावलो. खणलेल्या खड्ड्यांत यंदा सुरण लावतोय. केळी पुढच्या वर्षी. शेजारच्या ईनाशूची रोपं रेघेच्या वर आहेत. ती चांगली निघतील याची खात्री मी त्याला दिली, आणि देताना मला बरं वाटलं.

एक गोष्ट लपवत नाही. तुझ्या जागी मी असतो, तर बापाचं नाव वर घेतलं असतं.

तुझा अच्छन