उलटं वाचणारा माणूस

३ सप्टेंबर, मंगळवार

चोर! मला चोर म्हणाली! म्हणजे शब्द तो वापरला नाही, तेवढी हुशार आहे. "मॅडम, सातवं प्रकरण जरा… उसनं वाटतंय." वय असेल अठ्ठावीस. केसांचा तुरा थेट टाळूवर. प्रकाशनाची संपादक म्हणे! तिच्या वयाची असताना मी आठवड्याला एक प्रेमकथा लिहून, तपासून, छापखान्यात पोचवून, घरी येऊन स्वयंपाकाला लागत होते.

प्रसंग असा – एकाच टेबलाच्या दोन बाजूंना ती आणि तो. ती लिहिते. तो समोर बसून तिचं लिखाण उलटं वाचायला शिकतो, कारण कागद फिरवून मागितला तर तिला कळेल. वर्षभर शिकतो. एक दिवस ती वाक्यात अडते आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघून जातो. संपलं. एवढंच. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे, हे मला माहीत आहे.

तर तुरेवालीच्या आजीने जुन्या साप्ताहिकातली कात्रणं वहीत चिकटवून ठेवली आहेत. त्यात हाच प्रसंग, जवळजवळ शब्दाला शब्द. "महिनाअखेरपर्यंत बदलून द्या मॅडम, नाहीतर आम्हाला पुस्तक थांबवावं लागेल."

अडुसष्टाव्या वर्षी माझ्या नावाचं पहिलं पुस्तक. पहिलं! आणि थांबवणार.

अगं बये, ती कात्रणं माझीच आहेत!

४ सप्टेंबर, बुधवार

सूनबाई म्हणते, "आई, मग सांगून टाका ना तिला, मीच लिहिलंय म्हणून." सांगून टाका! इतकं सोपं असतं तर काल टेबलावर मूठ आपटून आले असते.

साप्ताहिकात प्रेमकथा लिहायच्या त्या 'बाईसाहेब'. छापील नाव निराळं होतं, आम्ही ऑफिसात बाईसाहेबच म्हणायचो. अशी बाई जगात नव्हतीच. आम्ही तिघं मिळून ती एक बाई – दाढीवाले संपादक, मुद्रितं तपासणारा, ज्याला आम्ही खोडरबर म्हणायचो तो, आणि मी. वाचकांची पत्रं यायची बाईसाहेबांना. स्थळंसुद्धा यायची! एका निवृत्त सुभेदाराने फोटो पाठवला होता, घोड्यासकट. दाढीवाले म्हणाले, "घोड्याला होकार कळवा." तीन दिवस हसत होतो.

तेव्हा कुठली कथा कोणाची, हे बाहेर कधीच सांगायचं नाही अशी शपथ होती. दाढीवाले गेले. खोडरबर लेकीकडे राहतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आता मी उठून सांगू की बाईसाहेब म्हणजे मी? ती तुरेवाली विचारणार, पुरावा?

६ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर ऑफिस आठवतंय. दुसरा मजला, खिडकी समोरच्या भिंतीला चिकटलेली, दिवा दिवसाही लागलेला. शाईचा वास साडीतून जायचा नाही. नवरा म्हणायचा, "तुझ्या गोष्टीतली माणसं जेवतात कधी?" एकही गोष्ट पूर्ण वाचली नाही त्याने. पण कामावर जाऊ नकोस असंही कधी म्हणाला नाही. देवमाणूस.

भिंतीवर दाढीवाल्यांनी यादी लावली होती. हरवलेलं पत्र – वर्षातून दोनदा. स्मृती गेलेला नायक – एकदा. जुळ्या बहिणी – एकदा, तेही दिवाळखोरी आली तरच. 'त्याने कधी सांगितलंच नाही' – एकदाच, आणि हुंदके नकोत. उसनं घ्यायला बंदी नव्हती. उसनं घेतलंत तर एक गोष्ट फिरवा, एवढाच नियम. श्रीमंत तो असेल तर श्रीमंत तिला करा. पत्र हरवायचं असेल तर हरवू नका, पोचवा – आणि मग बघा काय गोंधळ होतो. मी हे काम बत्तीस वर्षं केलं. आणि मला ही पोर शिकवणार उसनं म्हणजे काय!

कॉन्व्हेंटच्या शाळेत एकदा सिस्टरनी नक्कल केली म्हणून मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. नक्कल माझ्या शेजारणीने केली होती. माझ्यावरून! तो तास मी अजून विसरलेले नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

पुरावा आहे! आत्ता आठवलं. साप्ताहिक बंद झालं तेव्हा ऑफिसच्या प्रतींचे बांधीव गठ्ठे रद्दीत जाणार होते, ते मी उचलून आणले. त्या प्रतींत प्रत्येक कथेखाली पेन्सिलीची खूण असायची. दाढीवाल्यांचा गोल, खोडरबरचा त्रिकोण, माझी फुली. वाचकांच्या शिव्या योग्य माणसाला पोचाव्यात म्हणून. उद्या मुलाला माळ्यावर चढवते. गुडघे दुखतात म्हणेल. पस्तिशीत गुडघे!

१० सप्टेंबर, मंगळवार

चढला. कुरकुरत चढला. अकरा गठ्ठे. शिंका देऊन देऊन नाक लाल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सापडली.

त्रिकोण.

तीनदा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. सूनबाईला बोलावलं. ती म्हणाली, "आई, त्रिकोणच आहे हो. बसा जरा."

मला ती रात्र आठवते जेव्हा मी तो प्रसंग लिहिला! आठवते म्हणजे – काय आठवतं? लिहिताना काय पेन होतं, कुठे बसले होते? काही नाही. वाचलेलं आठवतं. पस्तीस वर्षं मी तो प्रसंग इतका जपला की तो माझाच झाला.

तर चोर मीच. तुरेवालीचं खरं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली. नायिकेचं वाक्य अडलं की ती पेन्सिल कानामागे घासते. स्वतःशी पुटपुटत लेखकांना शिव्या देते, इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या उच्चारांत. टेबलाचा एक पाय लंगडा, त्याखाली कागदाची घडी.

तो पाय आमच्या टेबलाचा. समोर खोडरबर बसायचा. सतरा वर्षं.

माझं लग्न होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्याचं अजून व्हायचं होतं.

नको. हा तर यादीतला साचा! 'त्याने कधी सांगितलंच नाही.' दुसऱ्या कोणी आणला असता तर मी लाल रेघ मारून परत पाठवला असता. अडुसष्ट वर्षांच्या बाईने गालाला हात लावून बसू नये. सूनबाईने पाहिलं. "आई, ताप आहे का?" नाही म्हटलं, उकडतंय.

१६ सप्टेंबर, सोमवार

फोन केला. लेकीने उचलला, मग तो आला. आवाज बारीक झालाय, पण पहिलंच वाक्य – "काय हो, अजून तडकताच का तशा?"

म्हटलं, तुमची एक कथा मी चोरली, माफी मागायला फोन केलाय. सगळं सांगितलं. तो हसला. "बाईसाहेबांनी बाईसाहेबांचं घेतलं. घरातच राहिलं."

मग मी विचारलं. सरळ विचारलं – ती नायिका कोण होती?

म्हणाला, "नाही हो. ती तुम्ही नव्हतात. टपालखात्यात एक मुलगी होती, तिच्यावरून. पेन्सिल तेवढी तुमची घेतली. हरकत नाही ना?"

म्हटलं, हरकत कसली. मग त्याच्या रक्तदाबाबद्दल बोललो. बायको जाऊन चार वर्षं झाली म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे नऊ.

फोन ठेवला आणि मोठ्याने हसले. खरंच हसले! चार दिवस काय काय रचलं होतं मी. टपालखात्यातली मुलगी!

१८ सप्टेंबर, बुधवार

पहाटे कळलं सातव्या प्रकरणाचं काय करायचं. उलटं वाचण्याचा प्रसंग काढून टाकायचा, त्याचा आहे तो. त्याऐवजी – पस्तीस वर्षांनी ती त्याला शोधत जाते, धीर करून विचारते, 'ती मीच ना?' आणि तो म्हणतो, 'नाही हो. ती तुम्ही नव्हतात.' बस! असं कोणी लिहिलं आहे? आजवर जो तो सांगतच आला आहे की होय, तूच होतीस.

सलग बसून लिहिलं. पाठ मोडली. किती वर्षांनी असं लिहिलं गेलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

लिहिलं ते चांगलं आहे. पण वाक्य त्याचं आहे, त्याला विचारल्याशिवाय वापरणार नाही. पुन्हा उसनवारी नको! प्रकरण त्याला पाठवलं, सोबत चिठ्ठी – वाक्य वापरू का? आणि मुद्रितंही तपासून द्या, तुमच्यासारखं कोणी तपासत नाही. हे खरंच आहे. सतरा वर्षांत त्याने लेखकाच्या वाक्याला कधी हात लावला नाही. वेलांटी, काना, मात्रा, बास. वाक्य पटलं नाही तर समासात एक बारीक प्रश्नचिन्ह. त्यावर दाढीवाले चिडायचे, "अहो, खोडा की एखादं!" तो म्हणायचा, "ज्याचं त्याने खोडावं."

२६ सप्टेंबर, गुरुवार

आलं नाही अजून. तुरेवालीचा फोन. "मॅडम, सोमवार शेवटचा हं." हो म्हटलं. मॅडम म्हणे, मॅडम!

२९ सप्टेंबर, रविवार

आलं. त्याची लेक स्वतः देऊन गेली, थांबली नाही. बारा पानं. नऊ वेलांट्या, दोन अनुस्वार. चिठ्ठी नाही.

अकराव्या पानावर 'ती तुम्ही नव्हतात' या वाक्यावर आडवी लाल रेघ. समासात काढून टाकण्याची खूण.

ज्याचं त्याने खोडलं. मग तेच पान नव्याने लिहून काढलं. वाक्य होतं तसं राहू दिलं. उद्या ते तुरेवालीकडे जाईल. लाल रेघेचं पान जाणार नाही.