काळं जॅकेट, साइझ मीडियम

शनिवार, २० जानेवारी. संध्या. ६.३०
सुलेखावहिनींकडे हळदीकुंकू. बायका वर, पुरुष बेसमेंटमध्ये. १ फेब्रुवारीला नेवार्कला माझा आणि प्रतिमाचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू. बावीस वर्षांनी! सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी ग्रीन कार्ड फिरवून दाखवलं, म्हटलं, आता याचं शेवटचं दर्शन घ्या. बरेच जण हसले. मग कार्ड जागच्या जागी ठेवलं.

गुळपोळ्या सहा.

निघताना गेस्ट बेडरूमच्या पलंगावर जॅकेटांचा ढीग. चाळीसेक, सगळी काळी. आपल्या लोकांना दुसरा रंग सुचतच नाही. तरी मी माझं एका झटक्यात ओढून काढलं. प्रतिमाला अजून सापडत नव्हतं.

गाडीत झिप लागेना. गुळपोळ्या. उद्यापासून जिम.

रविवार, २१ जाने. सकाळ
जिम उद्या.

बाह्यासुद्धा मनगटाच्या वर. गुळपोळीने हात लांब होत नाहीत. खिशात हात घातला. लिप बाम आणि तीन चाव्या, त्यांना कुठल्यातरी लॅबचा टॅग. जॅकेट माझं नाही.

सिटिझनशिपच्या फॉर्मची कॉपी काढून बघितली. फॉर्मवर प्रश्न आहे: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा कधी केला आहे का? मी ‘नो’ लिहून खाली सही केली आहे.

दुपारी शांतपणे विचार केला. नागपूरला संध्याकाळच्या लॉ कॉलेजात दोन वर्षं काढली ती उगाच नाही. आमचा कायदा इंग्लंडचा, अमेरिकेचाही मुळात तिथलाच. गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात: कृत्य आणि दोषी मन. दोन्ही एकाच वेळी. उचललं तेव्हा मन स्वच्छ होतं. आता मनाला कळलंय, पण आता मी काही उचलत नाहीये. निर्दोष. स्वतःची केस दहा मिनिटांत जिंकली.

खिशात परत हात घालायचा नाही. जेवढं कमी ठाऊक तेवढं बरं.

सोमवार, २२ जाने.
मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज. सौमित्र नावाचा मुलगा, नवा पीएचडीवाला. त्याचं मीडियम जॅकेट बदललं गेलंय, त्याच्याकडे कुणाचंतरी एक्सएल आलंय, त्याच्या जॅकेटात लॅबच्या चाव्या आहेत. इथवर वाचून थांबलो. ग्रुप म्यूट केला. उत्तर म्हणजे लेखी कबुलीजबाब, तोही इंटरव्ह्यूच्या दहा दिवस आधी.

जेवताना प्रतिमाने विचारलं, ते आपलं तर नाही ना. मी विचारलं, कुठलं. विषय संपला.

मंगळवार, २३ जाने.
यूट्यूबवर एका इंग्लिश लॉ प्रोफेसरचं लेक्चर ऐकलं. मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्याला कायदा पाहिलेलंच धरतो म्हणे. अर्ध्यात बंद केलं. हल्ली प्रोफेसरांची क्वालिटी घसरली आहे.

ऑफिसला विंडचीटर घालून. चोवीस फॅरनहाइट, आपल्या हिशोबाने शून्याखाली चार. गोरे लोक तर शॉर्ट्समध्ये फिरतात.

बुधवार, २४ जाने.
कॉलेजची वही सापडली. चुकून हाती आलेली वस्तू, दुसऱ्याची आहे हे कळल्यावर आपली म्हणून ठेवली, तर तेव्हापासून ती चोरी. माझ्याच अक्षरात, खाली लाल रेघ.

म्हणजे आपली म्हणून ठेवायची नाही, एवढंच. जॅकेट गराजमध्ये खिळ्याला टांगलं. रोज सकाळी त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, तू माझं नाहीस. म्हणजे हेतू स्पष्ट राहतो.

आज म्हटलं. मागे प्रतिमा उभी होती. कोणाशी बोलताय, विचारलं. फोनवर होतो, म्हटलं. माझा फोन तिच्या हातात होता, चार्जिंगला लावायला घेतलेला.

शुक्रवार, २६ जाने.
लेकीला, केयाला, जर्सी सिटीला फोन. एका मित्राची केस म्हणून सगळं सांगितलं, तत्त्वांसकट. ती म्हणाली, बाबा, जस्ट गिव्ह इट बॅक. बावीस मिनिटं मी बोललो, त्यावर चार शब्द. वर म्हणाली, तुझा मित्र इंग्लंडमध्ये राहतो का?

ग्रुप जरासा उघडला. सौमित्रने लिहिलंय, गाइड चिडलेत, चाव्या नाहीत म्हणून सकाळी कोणी दार उघडेपर्यंत तो कॉरिडॉरमध्ये बसून असतो. वही परत काढली. वहीत हेही आहे: अडचण आपण निर्माण केली असेल, तर हातावर हात धरून बसणं हाही गुन्हा ठरू शकतो.

निर्णय. उद्या जॅकेट सुलेखावहिनींच्या दाराशी ठेवून यायचं. गुपचूप.

शनिवार, २७ जाने.
दाराला कॅमेरा आहे. परत फिरलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला सुलेखावहिनींनी खिडकीतून हात केला. मीही केला. घरी आलो.

रविवार, २८ जाने. दु. ३
सुटलो! लायब्ररीत गरजूंसाठी कोट गोळा करायचा खोका ठेवलाय. जॅकेट त्यात टाकलं. माझा फायदा शून्य, समाजाचं भलं, गराज रिकामं. चाव्या तेवढ्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या, कारण चाव्या गरजूंच्या काय कामाच्या?

संध्या. ६
वही उघडायला नको होती. दुसऱ्याची वस्तू आपल्या मालकीची असल्यासारखी देऊन टाकणं हे कृत्य. आणि मन? मनही होतं. मीच त्याला गाडीतून घेऊन गेलो होतो. आठ दिवस ज्यांना लांब ठेवलं, ते दोघं आज दुपारी २.१० ला खोक्यापाशी भेटले.

धावत गेलो. लायब्ररी रविवारी पाचला बंद.

सोमवार, २९ जाने.
खोका रिकामा. काउंटरवरच्या बाईंना काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे पुरावा. इंटरव्ह्यूची फाइल लावून ठेवा, प्रतिमा तिसऱ्यांदा म्हणाली. लावलेलीच आहे. मी शिस्तीचा माणूस आहे.

बुधवार, ३१ जाने. संध्या. ७
फाइलमध्ये ग्रीन कार्ड नाही.

ड्रॉवर, पाकीट, गाडी, जुनी पँट, देवघर. नाही. मग आठवलं, त्या दिवशी सगळ्यांना दाखवून झाल्यावर जागच्या जागी ठेवलं होतं. जागा म्हणजे जॅकेटचा आतला, चेनचा कप्पा. माझ्या जॅकेटचा. तिथेच जिन्यावर बसलो.

प्रतिमा फोन घेऊन आली. सौमित्रला आजच आतली चेन दिसली. कार्डाचा फोटो ग्रुपवर. दोनशे चौदा लोकांनी पाहिलाय. फोटोत मी अट्टल गुन्हेगार दिसतो.

तिने एवढंच विचारलं, त्याचं जॅकेट कुठे आहे. मी सांगितलं. अगदी सगळं, खोक्यासकट. मला वाटलं ओरडेल. तिने सौमित्रला फोन लावला आणि माझ्या वतीने माफी मागितली. ते ऐकताना फार लाज वाटली.

गुरुवार, १ फेब्रु.
सौमित्र सकाळी ७.४० ला ट्रेनने नेवार्कला हजर. काटकुळा पोरगा, माझं जॅकेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत. बाह्या दोनदा दुमडलेल्या. त्याने कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी चाव्या दिल्या, जॅकेटचं सांगितलं. तो म्हणाला, चुकून झालं ना काका, होतं असं. मी म्हटलं, पहिल्या दिवशी चुकून. त्यापुढचं त्याने ऐकलं नाही, आठच्या ट्रेनला पळायचं होतं. माझं जॅकेट त्यालाच ठेवायला सांगितलं.

प्रतिमा अकरा मिनिटांत पास.

माझ्या ऑफिसर बाईंनी आधी शपथ घ्यायला लावली. मग तो प्रश्न आला. ‘नो’ अगदी जिभेवर होतं. पण त्या दुमडलेल्या बाह्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी म्हटलं, येस, म्हणजे कृत्य आणि दोषी मन यांची वेळ पाहिली, तर २८ तारखेपर्यंत नो. पस्तीस मिनिटं बोललो. लॉयर आहात का, त्यांनी विचारलं. दोन वर्षं, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवून डोळे चोळले.

कागद मिळाला: निर्णय आज देता येत नाही, कळवू. परत येताना गाडी प्रतिमाने चालवली.

शनिवार, ३ फेब्रु.
ठरवलं, आता सरळ वागायचं. लायब्ररीत गेलो, काउंटरवर सगळं खरं सांगितलं. बाहेर एकोणीस फॅरनहाइट, अंगात विंडचीटर, दात वाजत होते, त्यामुळे सगळं नीट सांगता आलं नसावं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाल्या, लाजू नका. आतून एक कोट आणून मला घातला. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण कोट उबदार होता.

जांभळा. झिप लागते. डाव्या खिशात काहीतरी आहे.

हात घातलेला नाही.