साक्षीदारांचा वर्ग

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा दोन्ही हात जोडून, पदर नसला तरी तो सावरून, नमस्कार. तुझे गुडघे ताळ्यावर असतील, जिना चढताना कठडा धरत असशील आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या तरी घेत असशील असं गृहीत धरते. मी इथे खुशाल आहे. बाबांनी तुला फोन करून 'पोरीचं तिकडे काही खरं नाही' असं सांगितलं असेल, तर ती ऐकीव माहिती आहे, पुराव्यात ग्राह्य नाही. घडलं ते डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच, तेव्हा माझीच साक्ष ऐक.

आमची शाळा म्हणजे एका लॉन्ड्रीच्या वरचा मजला. खाली इस्त्र्या चालतात म्हणून वर फरशी कोमट असते आणि फळ्यावरची शाई दुपारनंतर ओघळते. वर्गात अकरा जण, सगळे दिवसाचं काम उरकून इंग्रजी शिकायला येणारे, आणि दोघं सोडले तर सगळे माझ्यापेक्षा मोठे. पहिल्या दिवशी मी काळा कोट घालून गेले (दुसरे बरे कपडे बॅगेत तळाशी होते). मी आत शिरताच अकराही जण उठून उभे राहिले. सतरा वर्षांची कोर्टाची सवय, मी लगेच समोरच्या खुर्चीला लवून नमस्कार केला. खुर्चीत कोणी नव्हतं. ती माझीच होती.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही अजून जळलेला नव्हता. इथे येण्याआधीच्या चार आठवड्यांच्या प्रशिक्षणात आम्ही नऊ जण होतो आणि त्यात तीन वकील. (आमच्या धंद्यातल्या लोकांना वाटतं, आपण बोलण्याचंच खातो, तर शिकवण्यात काय मोठंसं?) प्रशिक्षक म्हणाले होते की वकील एकतर उत्तम शिक्षक होतात नाहीतर फार वाईट, आणि वाक्याचा दुसरा भाग बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. मी तेव्हा मनातल्या मनात हरकत नोंदवली.

आता गुन्हा कबूल करते. सतरा वर्षं मी साक्षीदारांना एकच धडा दिला: विचारलं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, पदरचा मीठमसाला लावू नका. आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत नाही असा प्रश्न मी जन्मात कोणाला विचारला नाही, कारण कोर्टात तसा प्रश्न विचारणं म्हणजे आपणहून विहिरीत उडी घेणं. तेच मी वर्गात केलं. तुम्ही बेकरी चालवता, बरोबर? हो. पहाटे चारला उठता, खरं ना? हो. अकरा जणांची चटाचट, बिनचूक उत्तरं! मला वाटलं, मी जन्मजात मास्तरीण आहे. एकदा वर्गातल्या एक नर्सबाई उशिरा आल्या आणि उशीर का झाला ते सांगू लागल्या. त्यात एक पेशंट होता, त्याचा पोपट होता आणि पोपट औषधांच्या कपाटात शिरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या इंग्रजीत सलग बोलत होत्या. मी हात वर करून त्यांना थांबवलं: फक्त उशीर झाला की नाही तेवढं सांगा. त्या 'झाला' म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या पोपटाचं पुढे काय झालं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

मग गेल्या महिन्यात तोंडी परीक्षेची रंगीत तालीम झाली. परीक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतल्या एक मऊ स्वभावाच्या बाई थर्मास घेऊन आल्या. त्यांनी बेकरीवाल्या काकांना म्हटलं, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. काका म्हणाले, "हो." बाईंनी वाट पाहिली. काकांनीही पाहिली. घरी कोण कोण असतं, या प्रश्नाला काकांनी उत्तर दिलं, "आठवत नाही." (अडतीस वर्षं संसार केलेली बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसली होती.) नर्सबाईंना आवडता ऋतू विचारला, तर त्या ताठ बसून अस्खलित इंग्रजीत म्हणाल्या, "या प्रश्नाचा प्रस्तुत विषयाशी संबंध नाही." मी शिकवलेलं एवढं एकच लांब वाक्य. बाकीचेही तोंडात मूग धरून बसले. अकरांपैकी दहा नापास. अकरावा तेवढा पास झाला. पाय मोडल्यामुळे तो दोन महिने माझ्या वर्गाला आलेला नव्हता.

मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या की इतक्या कमी चुका करणारे विद्यार्थी त्यांनी कधी पाहिले नाहीत, कारण ते तोंडच उघडत नाहीत. खरी परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. निदान सहा जण पास झाले नाहीत, तर माझी नोकरी तिथेच संपली. मी म्हटलं, लेखी द्या. त्यांनी दिलं. (कधीकधी न मागितलेलं बरं.) बाबांना कळवलं, तर त्यांनी आमच्या वकिलीच्या ऑफिसातली माझी खुर्ची पुसून ठेवली आहे म्हणे. ठेवू देत. मी तिच्यावर बसायला येणार नाही, हे त्यांना तू सांगितलंस तरी चालेल.

पण नोकरीचं जाऊ दे. बेकरीवाले काका इंग्रजी शिकतात ते नातीसाठी. ती दुसऱ्या देशात वाढते आहे आणि तिला तेवढी एकच भाषा येते. गेल्या रविवारी तिने फोनवर विचारलं, आजोबा, आज काय केलंत? काका म्हणाले, "हो." पोरीने फोन आईकडे दिला. हे काकांनी मला हसत हसत सांगितलं. मला इतकी लाज वाटली की तो कोट मी त्याच दिवशी घडी करून बॅगेत टाकला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, एवढे धंदे सोडून तुम्ही पावच का भाजता? उत्तर मला खरोखर माहीत नव्हतं. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नर्सबाईंकडे, जणू त्याच त्यांच्या वकील. प्रश्नात काय मेख आहे ते ते शोधत होते. त्यात त्यांची काय चूक? वीस मिनिटांनी ते चार वाक्यं बोलले, त्यातली तीन चुकीची. मी एकही दुरुस्त केलं नाही. सहा काय, अकराच्या अकरा पास करून दाखवीन, नाहीतर नाव लावणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना धपाटे.

तुझी,
भाची

ता. क. खरं काम राहिलंच. माझ्यासमोर ही मंडळी अजून बिचकतात. त्यांना असं माणूस हवंय ज्याला दुसऱ्याचं सगळं मनापासून जाणून घ्यायचं असतं. तू तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतीस, इंग्रजी तुझ्या जिभेवर आहे, आणि नव्या शेजारणीचं माहेर, पगार आणि ऑपरेशन तू पहिल्या चहात काढून घेतेस. या सवयीपायी आईने तुझ्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. मला ती सवय हवी आहे. रोज अर्धा तास, फोनवर, एकेकाला. काय वाट्टेल ते विचार, फक्त मध्ये थांबवू नकोस.

ता. क. २. ही विनंती समजू नकोस, समन्स आहे. तुझा नंबर मी वर्गात फळ्यावर लिहून दिला आहे. पहिले काका, रविवारी चार वाजता. नर्सबाईंकडून तो पोपट तेवढा काढून घे.

ता. क. ३. निघताना विमानतळावर तू विचारलंस, एवढी चालती वकिली का सोडतेस, आणि मी सराईतपणे 'सांगता येत नाही' म्हणाले. येतं. माझ्या शेवटच्या खटल्यात एक म्हातारी साक्षीला होती. तिला मी आठ दिवस पढवलं होतं: हो, नाही, आठवत नाही. ती एका अक्षरानेही चुकली नाही आणि आम्ही जिंकलो. बाहेर पायऱ्यांवर तिने माझा हात धरला आणि विचारलं, "बाई, आता सांगू का, काय झालं होतं ते?" मी म्हटलं, आता गरज नाही. काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही, आत्या.