धामणवाडीच्या धावपट्टीवरची विहीर

सावेडी, अहमदनगर
१२ डिसेंबर १९७२

प्रिय मार्तंड,

तुझं पत्र आणि सोबतचा कागद, दोन्ही मिळाले. कागदावर मी सही केलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पाकीट चाचपत बसणार नाहीस.

आपल्या कंपनीचं त्या कलकत्त्याच्या बड्या विमान कंपनीत विलीनीकरण होणार की नाही, हे अजून नक्की नाही, असं तूच लिहितोस. विक्री मात्र जोरात चालली आहे. स्थळ अजून बघून गेलं नाही आणि मुलीचे दागिने मोडून झाले, अशी घरं मी पाहिली आहेत. विमान कंपनी पहिल्यांदाच पाहते आहे. आपल्या डाकोटा विमानातल्या दोन खुर्च्या परवा मला कापडबाजाराजवळ एका न्हाव्याच्या दुकानात दिसल्या. तो गिऱ्हाइकाला पट्टा बांधूनच दाढीला बसवतो. म्हणतो, हलत नाहीत. सामान तोलायचा आपला काटा आता एका अडतीवर कांदे तोलतो. मला त्याचं काही दुःख नाही. त्या खुर्च्यांना इतकी नियमित गिऱ्हाइकं आपल्याकडे कधीच मिळाली नव्हती.

पण धामणवाडीची धावपट्टी म्हणजे खुर्ची नव्हे. ‘सदर जमीन व विहीर यांवर कंपनीखेरीज कोणाचाही हक्क अथवा वहिवाट नाही’ असं तुझा कागद म्हणतो, आणि तिथली माजी व्यवस्थापक म्हणून ते खरं असल्याची ग्वाही मी द्यायची. मग ती जमीन विहिरीसकट बागाईतदार आबासाहेबांना जाणार. त्यांना मोसंबीची बाग लावायची आहे. कुंपण येईल, विहिरीवर इंजिन बसेल. त्यांना मी दोष देत नाही. पैसे मोजून विहीर घेणारा माणूस ती गावाला पाजायला घेत नाही. पण आज धामणवाडीत पाणी आहे ते त्या एकाच विहिरीत. एरवी दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. यंदा उसालाच पाणी नाही, म्हणून सगळं गाव घरी आहे, दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडतं आणि संध्याकाळी त्या विहिरीवर येतं. कुंपण पडल्यावर ते कुठे जाईल, याचा रकाना तुमच्या कागदात नाही.

आपण ती धावपट्टी सुरू केली तेव्हाचं तुला आठवत असेलच. युद्धातली लष्कराची पट्टी, बाभळी माजलेल्या. हैदराबादला जाणारं पहिलं विमान वर घिरट्या घालत होतं आणि खाली शेळ्या निवांत बसल्या होत्या. मग तू मुंबईहून टाय लावून आलास आणि काटेरी तारेचं कुंपण घातलंस. आठवड्यात ती तार गावातल्या परसापरसात दिसू लागली. शेवटी कारभारी म्हातारा तुला समजवायला आला. “सायेब, तार कशाला? आमी हाय की! जित्राबं आमी आवरतो, बाभळी आमी काढतो. तुमची उडती गाडी यायच्या आदी पट्टी झाडून ठिवतो. तुमी हिरीचं पानी तेवढं भरू द्या.” तू खिशातून पेन काढलंस, तर म्हातारा हसला. “कागद नगं. कागद वाळवी खाती. भंडार उचला.”

खंडोबाच्या देवळात तू ओंजळीत बेल आणि भंडार घेतलास, आणि गावाचं पाणी तोडणार नाही म्हणालास. नाव मार्तंड म्हटल्यावर गाव आधीच खूष होतं. हळदीनं तुझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या पिवळ्या झाल्या. मी आपली कॉन्व्हेंटची. शपथ म्हणजे पुस्तकावर हात, अशी नन्सनी घालून दिलेली शिस्त. परत येताना जीपमध्ये मी तुझी भरपूर टिंगल केली. तू हसला नाहीस. नंतर मी तिथे होते तेवढ्या वर्षांत पट्टीवर एक शेळी आली नाही आणि कंपनीनं एका राखणदाराचा पगार दिला नाही. याला वहिवाट म्हणत नसतील, तर तुझ्या वकिलांनी मला शब्द सुचवावा.

विमान यायचं बंद होऊन आता तीन वर्षं झाली. कारभारीही गेला. त्याची सून लंकाबाई परवा माझ्याकडे आली होती. पट्टी अजून झाडतात, म्हणाली. मी विचारलं, कशाला गं, आता कोण उतरतंय? तर माझ्यावरच डाफरली. “आवो बाई, गाडी येवो न्हाईतर ऱ्हावो, आमचं काम आमी केलं का न्हाई? मंग?”

म्हणून मी आबासाहेबांकडे गेले आणि भंडाराचं सांगितलं. त्यांनी तोंडातलं पान बाजूला थुंकलं. “कोर्टाला मी भीत न्हाई, वकील घरचाच हाय. पण भंडार उचलल्याली जमीन घिऊन मी कुठं जाऊ, बाई? आमचं कुलदैवतच खंडोबा.” मला वाटलं, झालं काम. पण ते आबासाहेब आहेत. “तुमचं नगं. शपथ सायबांनी घेतली का न्हाई, ते सायबांनीच गावापुढं येऊन सांगावं. घेतली न्हाई म्हनले, तर त्याच दिशी इसार देतो.” गंमत म्हणजे गावानंही हे एका आवाजात मान्य केलं. लंकाबाई म्हणाली, सायेब बोलतील ते खरं.

तर मी हे पत्र लिहिते आहे ते सही नाकारायला नाही, तुला बोलवायला. रविवारी सकाळी नगरला ये. पुढे जीप ठरवली आहे. गाव विहिरीवर जमलेलं असेल. तू ‘नाही’ म्हणालास तर जमीन विकली जाईल, तुझे संचालक खूष होतील आणि नव्या कंपनीत तुझी खोली पक्की. ‘हो’ म्हणालास तर सौदा मोडेल, आणि विलीनीकरणाच्या तोंडावर सौदा मोडणाऱ्या मॅनेजरचं काय होतं, ते मला कळतं. काय बोलायचं ते मी तुला सांगणार नाही. आणि नोकरी संपल्यावर नगरला येऊन एकाच घरात राहण्याबद्दल तू जे विचारलं आहेस, त्याचं उत्तर आपल्या वयात पोस्टानं देऊ नये. मी विहिरीच्या पलीकडच्या काठावर उभी असेन. तुझं बोलून झालं की अलीकडे यायचं की तिथूनच घरी जायचं, ते ठरवीन.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
सुनीती